स्वप्नातलं झुंबर आणि छताचा हूक

नववीच्या वर्गाला मी ‘माझ्या स्वप्नातील घर’ हा निबंध दिला होता. शाळा उर्दू माध्यमाची, मराठी मुलांची घरची भाषा नव्हे. वह्या तपासायला बसले तर निम्म्याहून जास्त घरांत झुंबर! बहुतेकांनी ‘मोठा झुंबर’ लिहिलं होतं, कारण उर्दूत झूमर पुल्लिंगी. दोघा-तिघांनी सरळ ‘फानूस’ लिहून मोकळं केलं होतं. शब्द तसा परका नाही. जुन्या मराठीत तो ‘फाणस’ होऊन कधीच येऊन बसला आहे.

एका मुलीच्या वहीत मी लाल पेनाने शेरा मारला, ‘वास्तवाला धरून लिहा’. तिचं घर मी पाहिलं होतं. एक खोली, वर पत्रा. सुट्टीत ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “टीचर, स्वप्नातल्या घरालापण पत्राच टाकायचा का?”

मला उत्तर देता आलं नाही. गंमत अशी की त्याच आठवड्यात मी स्वतः झुंबर शोधत फिरत होते. पंधरा वर्षं भाड्याच्या घरात काढून आम्ही फ्लॅट घेतला होता. नणंद म्हणाली, “भाभी, हॉलमध्ये झुंबर नसेल तर पाहुण्यांना कळणार कसं की घर स्वतःचं आहे?”

दुकानदार भला माणूस होता. त्याने हिशेब शिकवला. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजा, दोन्हींची बेरीज करा. जो आकडा येईल तितक्या इंचांचा झुंबराचा व्यास. आमचा हॉल 10 बाय 14, म्हणजे 24 इंच. खालच्या टोकापासून फरशीपर्यंत निदान 7 फूट मोकळे हवेत. आमचा स्लॅब साडेनऊ फुटांवर. मापात सगळं बसत होतं. बसत नव्हती एकच गोष्ट. हॉलच्या छताला हूक एकच, आणि त्यावर पंखा. मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो. झुंबराखाली घाम पुसत बसायचं का? दोन्ही शेजारी-शेजारी लावले तर पात्यांची सावली उजेडावर फिरते आणि डोळ्यांसमोर सतत लुकलुकतं.

तेव्हा लक्षात आलं, झुंबर हे आपल्या घरांसाठी जन्मलेलंच नाही. विजेआधीच्या काळात उंच दालनांत मेणबत्त्या वर टांगाव्या लागत. काचेचे लोलक त्यांचा तुटपुंजा उजेड चहूकडे उधळत. म्हणजे ती गरज होती, शोभा नंतरची. पुढे राजेरजवाड्यांनी त्या गरजेचा दिमाख केला. ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी 1874 साली जयविलास महाल बांधला. तिथल्या दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांच्या आसपास आहेत. ती पेलतील का हे पाहायला छतावर हत्ती चढवले होते, असं सांगतात. हैदराबादच्या चौमहल्ला महालात बेल्जियमच्या काचेची 19 झुंबरं आहेत. पण ती पुसायला माणसंही होती! आमच्या हॉलमधल्या झुंबराचे लोलक पुसायला स्टुलावर कोण चढणार होतं, हे घरात कुणीच विचारलं नाही. कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या विद्यार्थ्यांनी झुंबर राजवाड्यात पाहिलेलं नाही. ते त्यांनी पाहिलंय मशिदीत, दर्ग्यात, शादीखान्यात. तिथे ते कुणा एकाचं नसतं. हमाल आणि व्यापारी त्याच्याखाली एकाच सफमध्ये उभे राहतात. तोच उजेड थोडासा आपल्या घरी असावा, एवढंच त्या मुलीने लिहिलं होतं. त्यात अवास्तव काय होतं? उलट अवास्तव वागत होते ते आम्ही. हप्ते काढून पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी झुंबर घ्यायला निघालेले, आणि घरातली मुलगी स्वयंपाकघराच्या दारात मिणमिणत्या दिव्याखाली अभ्यास करतेय.

माझं म्हणणं इतकंच. स्वप्नातल्या घराची उंची मोजू नये. तिथे हत्ती पेलेल असं छत असू द्या, साडेतीन टनांचं झुंबर लावू द्या. त्याला वीजबिल येत नाही. ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे, त्यांच्या कल्पनेवर तरी आपण पत्रा ठोकू नये, विशेषतः शिक्षकांनी. खऱ्या घरात मात्र दिवा निवडताना एकच प्रश्न विचारावा: याच्याखाली रोज कोण बसणार? पाहुणा महिन्यातून एकदा येतो, चहा पिऊन जातो. उजेड घरच्यांना रोज लागतो.

आम्ही हूक पंख्याकडेच ठेवला. जेवणाच्या टेबलावर, वरून साधारण अडीच फुटांवर, काचेचा एक छोटा लटकता दिवा लावला. संध्याकाळी मुलगी तिथे अभ्यास करते, मी वह्या तपासते. नणंद अजून नाराज आहे.

आणि त्या वहीतला शेरा मी खोडला. ‘मोठा’चं ‘मोठं’ तेवढं करून दिलं. झुंबर तसंच ठेवलं.