केस गळतात, त्यात तिचा काय गुन्हा?

बाईचे केस गळायला लागले की आधी तिचीच उलटतपासणी सुरू होते. तेल लावत नसशील, शाम्पू बदलला असशील, जागरणं करत असशील! आमच्या मंडळात येणाऱ्या एका मुलीला चाई पडली, तर 'आता हिचं लग्न कसं व्हायचं' म्हणून घरच्यांनी तिचं बाहेर जाणंच बंद केलं.

अशा घरांत मी उंदराची गोष्ट सांगते. १९२४ मध्ये लंडनच्या एका पक्षीगृहात बिनकेसांचा उंदीर सापडला. त्याच्या वंशातल्या पिल्लांना आधी इतरांसारखेच केस येतात. दोनेक आठवड्यांनी डोळ्यांभोवतीचे केस जायला लागतात आणि पुढच्या आठवडाभरात पिल्लू उघडंबोडकं! 'हेअरलेस' नावाच्या जनुकात बिघाड असतो. पहिला केस गळून नवा यायच्या वेळी मुळाचा तळ वरच्या भागापासून सुटतो आणि मूळच मोडून पडतं. मग केस उगवणार कुठून? त्या पिल्लाला काय आईने तेल लावलं नव्हतं म्हणून?

हे जनुक माणसातही आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या अँजेला क्रिस्टियानो आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या एका कुटुंबात याच जनुकातला बिघाड शोधला. स्वतः क्रिस्टियानोबाईंनाही चाई पडली होती, बरं का.

पण मैत्रिणींनो, चाईचं गणित निराळं. हा उंदराचा आजार नव्हे. चाईत आपल्याच शरीराच्या संरक्षक पेशी केसाच्या मुळावर चालून जातात, पण मूळ सहसा जिवंत राहतं. म्हणून कित्येकींचे केस आपोआप परत येतात आणि श्रेय तेलवाला घेऊन जातो! याच बाईंच्या गटाने चाई पडणाऱ्या दुसऱ्या एका जातीच्या उंदरांवर औषधं वापरून केस परत आणले, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच प्रकारातलं बॅरिसिटिनिब २०२२ मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांच्या तीव्र चाईसाठी मंजूर झालं. त्याचे दुष्परिणाम आहेत, तेव्हा दुकानातून परस्पर आणायची ही गोळी नव्हे.

तेलाच्या बाटल्यांवर पैसे घालण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. भिंगातून बघून 'मूळ शिल्लक आहे का' हे ते सांगू शकतात. थायरॉइड आणि रक्तातलं लोह तपासायचं का, तेही विचारा. आणि सोबत मुलीच्या वडिलांनाही न्या, म्हणजे ते उत्तर त्यांच्याही कानावर पडेल.