ऑइल बदललं होतं, पण बिल नव्हतं

"गाडीचं काय झालं रे पुढे?" हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत ठाण्याच्या मुंजीत, चुलतबहिणीच्या साखरपुड्यात आणि एकदा चक्क दातांच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असताना विचारला गेलाय. म्हणून मंडळी, एकदाच सगळं लिहून टाकतो.

तर झालं असं. दिवाळीनंतरच्या रविवारी मी, बायको आणि बाबा साताऱ्याला आत्याकडे निघालो होतो. खंबाटकी घाट अर्धा चढलो आणि तापमानाचा लाल दिवा लागला. मागे ट्रकांची रांग, बाजूला कठडा, थांबायला जागा नाही. पुढच्या वळणावर जरा रुंद जागा दिसली, तिथपर्यंत गाडी नेली. दीडेक किलोमीटर असेल. बॉनेटमधून वाफ यायला लागली होतीच. मग इंजिन जे बंद पडलं, ते पडलंच.

हा दीड किलोमीटर लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे (माझ्या नाही, त्यांच्या).

गाडी सेकंडहॅण्ड. त्याआधी आठ महिन्यांपूर्वी ४ लाख ३५ हजारांना घेतलेली. "सर, दोनशे मुद्द्यांवर तपासलेली आहे," असं म्हणून त्या मुलाने बरोबरच्या बरोबर खुणांनी भरलेला कागद दाखवला होता. त्याच टेबलावर त्याच मुलाने ११,८०० रुपयांची एक्स्टेंडेड वॉरंटीही विकली. इंजिन, गिअरबॉक्स सगळं कव्हर. मी खूश. बाबा म्हणाले होते, "अटी वाच." मी म्हटलं, "बाबा, अटी नंतर ईमेलने येतात." त्या आल्याही. सही केल्यावर चार दिवसांनी, बारीक टायपातली बावीस पानं. वाचली का? नाही. खोटं कशाला सांगू.

वर्कशॉपमध्ये डिपस्टिक काढली तर ऑइल कोल्ड कॉफीच्या रंगाचं. वॉटर पंपातून कूलंट गळालं, इंजिन तापलं, ॲल्युमिनियमच्या हेडला बाक आला, गॅस्केट फाटलं आणि उरलंसुरलं कूलंट ऑइलमध्ये मिसळलं. एस्टिमेट १ लाख १२ हजार. कारण नक्की करायला इंजिन खोलावं लागणार, आणि क्लेम नाकारला गेला तर खोलण्याचे ९ हजार माझे, अशा कागदावर आधी सही. म्हणजे कारण शोधायचं त्यांच्यासाठी आणि पैसे माझे.

क्लेम नाकारला गेला हे तुम्ही ओळखलं असेलच. पत्रात तीन कारणं होती. पहिलं, लाल दिवा लागल्यावरही वाहन चालवलं. हे त्यांना कुणी सांगितलं? मीच! जॉब कार्ड भरताना त्या माणसाने "दिवा लागल्यावर लगेच थांबलात का?" असं सहज विचारलं, आणि मी घाट, ट्रक, कठडा सगळं रंगवून सांगितलं. कार्डावर उतरलं तेवढं "सुमारे दीड कि.मी." घाट नाही, ट्रक नाहीत.

दुसरं कारण फार मजेदार. इंजिन खोलल्यावर त्यांच्या तज्ज्ञाला हेडला पूर्वी कधीतरी फेस मारल्याच्या आणि सीलंट लावल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे दोष आधीपासूनचा, आणि आधीपासूनचा दोष वॉरंटीत बसत नाही. मी तो दोनशे खुणांचा कागद घेऊन विकणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, आमच्या तपासणीत दोष नव्हता, आणि तपासणी काय, वरवरचीच असते.

आता बघा. विकताना दोष नव्हता म्हणून गाडी विकली. क्लेमच्या वेळी दोष तेव्हापासूनच होता म्हणून पैसे नाहीत. दोन्ही एकाच टेबलावरून. माझं मत इतकंच आहे की ज्याने गाडी तपासली म्हणून जास्त पैसे घेतले, त्याच्या टेबलावर विकलेल्या वॉरंटीला "आधीपासूनचा दोष" हे वाक्य उच्चारायचा अधिकार असू नये. वरवरची तपासणी असेल तर कागदावर मोठ्या अक्षरात 'वरवरची' लिहा, मग बघू गाडी कितीला जाते.

तिसरं कारण, ऑगस्टमधल्या सर्व्हिसची नोंद नाही. इथे मात्र मी खरंच अडकलो. ऑइल आणि फिल्टर बदलले होते, आमच्या दत्तवाडीच्या मिस्त्रींकडे. नाना पेठेतून सामान मी स्वतः आणलं, तेही चिठ्ठीशिवाय. बिल? आमच्यात वीस वर्षांत कधी बिल झालंच नाही. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय, ऑगस्टची तारीख टाकून देतो की." पावतीपुस्तक काढलंसुद्धा.

खरं सांगतो, मी नाही म्हणायला वेळ घेतला. काम खरं होतं, पैसे खरे दिले होते, फक्त कागद उशिरा. मेव्हणा म्हणाला, "समोरचे दोनशे खुणा ठोकतात, तू एक तारीख टाकलीस तर काय बिघडलं?" दोन रात्री मलाही ते पटत होतं. पण मी भांडतोय ते कशाबद्दल? खोट्या खुणांबद्दलच ना? शिवाय पुस्तकातली आधीची पावती ऑक्टोबरची होती, हे बायकोच्या लक्षात आलं (प्रामाणिकपणाला असा व्यवहारी टेकू बरा असतो).

असो. बाबा जुने ग्राहक पंचायतवाले. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी याच पुण्यात ती सुरू केली, हे ते दर १५ दिवसांनी ऐकवतात. त्यांनीच रेटा लावला. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा २०२० पासून लागू आहे. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षं. विक्रेता आणि वॉरंटीवाला दोघांनाही पक्षकार केलं. हे महत्त्वाचं. गोव्यात जुनं मॉडेल नवं म्हणून विकल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विक्रेत्याच्या चुकीसाठी उत्पादकाला जबाबदार धरायला नकार दिला होता. ज्याने जे केलं, ते त्याच्याच नावावर मांडावं लागतं. विम्याच्या बाबतीत, ग्राहकाला न दिलेल्या वगळणुकीच्या अटी त्याच्यावर बंधनकारक नाहीत, असं याच न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय. माझी बावीस पानं सहीनंतर आली होती, तोही मुद्दा घातलाय. वॉरंटी म्हणजे विमा नव्हे, असं ते म्हणतील. म्हणू देत.

मधे एक फोन आला. 'सदिच्छा म्हणून' २० हजार देतो, तक्रार मागे घ्या. नाही म्हणालो. मग दिवसभर हिशेब करत बसलो, कारण इंजिनकाम शेवटी मिस्त्रींकडूनच ६८ हजारांत करून घेतलंय आणि तेही दोन हप्त्यांत फेडतोय.

मिस्त्रींना म्हटलं, मागच्या तारखेचं बिल नको, ऑगस्टमध्ये ऑइल बदललं एवढं प्रतिज्ञापत्रावर खरं लिहून द्या. ते जरा गप्प झाले. "आणि बिल का नाही दिलं विचारलं तर?" त्यांचाही प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, तेही खरंच सांगा. आठवडाभराने स्वतःच आले, सही करून गेले. जाताना विचारलं, "तिथे मराठीत बोललं तर चालतं ना?"

पुढची तारीख अजून लागायची आहे. बाक आलेलं ते हेड आमच्या बाल्कनीत तुळशीशेजारी गोणपाटात गुंडाळून ठेवलंय. वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी आहे, 'पुरावा. भंगारवाल्यास देऊ नये.'