ऑर्डर मोबाईलवर आली, उधारीचं काय? ठोक व्यापाऱ्यांनी आधी ठरवायच्या गोष्टी

विश्लेषण

जिल्ह्यातल्या पेठांमध्ये सध्या एकच चर्चा आहे. ठोक दुकानदारांना आता ऑर्डर मोबाईलवर हवी आहे. मोठ्या कंपन्यांनी ही वाट आधीच धरली. हिंदुस्थान युनिलिव्हरचं 'शिखर' असो की 'उडान', गावातला किराणा दुकानदार सेल्समनची वाट न बघता रात्री दहा वाजताही माल मागवू शकतो. त्यामुळे बार्शी, पंढरपूर, सोलापूरच्या ठोक व्यापाऱ्यालाही वाटतं, आपलंही असं काहीतरी पाहिजे. नाहीतर गिऱ्हाईक हातचं जाईल.

ही भीती खोटी नाही. पण एक फरक लक्षात घ्यायला हवा. माल मागवणं हे काम सोपं आहे. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग लावला, भाव टाकले की ते जमतं. अवघड आहे ती उधारी. आपल्या तालुक्यांतला ठोक धंदा रोखीवर कमी आणि विश्वासावर जास्त चालतो. हा विश्वास आजवर मालकाच्या डोक्यात आणि लाल वहीत होता. तो मोबाईलमध्ये कसा बसवायचा, हे न ठरवता ॲप सुरू केलं तर ऑर्डर वाढतील आणि त्याबरोबर येणंही तुंबेल.

उधारी कुणाच्या हातात आहे?

दुकानदार पैसे का थकवतो, याचं उत्तर बहुतेक वेळा दुकानात सापडत नाही, शेतात सापडतं. माढा, करमाळा, माळशिरस, पंढरपूर भागात पैसा उसाचा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे कारखान्याने ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं. बिलं थकली की शेतकऱ्याचं किराणा खातं थकतं, दुकानदाराचं ठोक खातं थकतं आणि कंपनीला आगाऊ पैसे भरून बसलेला ठोक व्यापारी मध्ये अडकतो. बार्शीकडे हेच गणित सोयाबीन आणि तुरीचं, मंगळवेढ्यात ज्वारीचं, सांगोल्यात डाळिंबाचं.

म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांना '३० दिवस' अशी एकच मुदत लावली तर ती कागदावरच राहणार. पंढरपूरच्या दुकानदाराला आषाढी आणि कार्तिकीच्या आधी नेहमीपेक्षा जास्त माल लागतो आणि यात्रा झाली की त्याच्याकडे पैसे येतात. करमाळ्याच्या दुकानदाराचे पैसे गाळप सुरू झाल्यावर फिरतात. मर्यादा आणि मुदत ठरवताना तालुका आणि हंगाम धरावाच लागेल.

उधारी किती महाग पडते?

आता ठोक व्यापाऱ्याची बाजू. समजा मालावर सगळा खर्च जाऊन ४ टक्के सुटतात आणि बँकेची कॅश क्रेडिट १२ टक्क्यांनी आहे. ४५ दिवसांनी पैसे आले तर व्याजात सुमारे दीड टक्का गेला. १२० दिवस लागले तर जवळजवळ ४ टक्के गेले, म्हणजे सगळा नफाच. त्यापुढे तो दुकानदाराला माल स्वतःच्या खिशातून देतो. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगळा असतो तो याचसाठी. मोबाईलवर मात्र अनेक जण एकच भाव लावतात आणि इथेच फसतात. रोखीने घेणाऱ्याला दोन पैसे कमी दिसले तर त्याचं पाहून दुसराही रोखीकडे वळतो.

पैसे नंतर चालतील, बिल नंतर चालत नाही

'आत्ता माल, महिन्याअखेर एकच बिल' अशी सोय ॲपमध्ये करून द्या, असं अनेक व्यापारी सांगतात. इथे गोंधळ होतो. जीएसटी कायद्याप्रमाणे नेहमीच्या विक्रीत माल गोडाऊनमधून निघताना किंवा त्याआधी टॅक्स बिल झालं पाहिजे. त्यामुळे प्रत्येक खेपेबरोबर बिल आणि महिन्याअखेर खात्याचा उतारा, हीच पद्धत बसते. ज्यांची उलाढाल ५ कोटींवर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत दुकानदाराच्या बिलाला ई-इनव्हॉइसही लागतं. राज्यातल्या राज्यात एका खेपेचा माल एक लाखाच्या वर गेला तर ई-वे बिल आलंच.

बिल झालं की त्या महिन्याचा कर भरावाच लागतो, दुकानदाराने पैसे दिले असोत वा नसोत. दुसरीकडे, नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराने बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत ठोकवाल्याला पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. हा नियम अनेक दुकानदारांना माहीत नसतो. ॲपने १५० व्या दिवशी तशी सूचना दिली तर ती नुसती वसुली वाटणार नाही, दुकानदाराच्याही फायद्याची ठरेल. कंपोझिशनमध्ये असलेल्या किंवा नोंदणीच नसलेल्या छोट्या दुकानदाराला क्रेडिटचा हा प्रश्न येत नाही. म्हणून खातं उघडतानाच कोण कुठल्या प्रकारात आहे, हे नोंदवून ठेवायला हवं.

भाव कधीचा धरायचा?

रात्री टाकलेल्या ऑर्डरचा माल दोन दिवसांनी टेम्पोत चढतो. मधल्या काळात भाव बदलला तर? हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. तेव्हा गणपती बसलेले होते. असा बदल झाला की जुन्या भावाने घेतलेल्या तेलाच्या डब्यांच्या ऑर्डरवरून भांडण ठरलेलं. उलटही होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. असा बदल ॲपच्या यादीत वेळेत झाला नाही तर बिलं चुकतात आणि ती दुरुस्त करत बसावं लागतं.

उपाय साधा आहे. तेल, साखर, डाळ यांचे भाव 'माल निघेल त्या दिवसाचे' आणि कंपनीच्या पॅकबंद मालाचे भाव 'ऑर्डरच्या दिवसाचे', असं आधीच लिहून द्यायचं. हे लिहिलेलं मराठीत आणि ऑर्डर टाकायच्या बटणाच्या वर असावं. खाली बारीक अक्षरात टाकलं तर ते कुणी वाचत नाही.

आधी ठरवा, मग सुरू करा

पहिली गोष्ट, हे ॲप सगळ्या जगाला उघडं नको. ज्यांचं खातं चालू आहे त्यांनाच क्रमांक द्यायचा. ऑर्डर कोण टाकणार, मालक, मुलगा की कामावरचा पोरगा, हेही ठरवायचं. नाहीतर 'ती ऑर्डर मी टाकलीच नव्हती' हे ऐकावं लागतं. भाव व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत. एकाला दिलेला भाव दुसऱ्याने बघितला की दोघंही नाराज होतात.

दुसरी, प्रत्येक खात्याला रकमेची मर्यादा आणि दिवसांची मर्यादा असावी आणि दुकानदाराला आपली बाकी ऑर्डर टाकतानाच दिसावी. बाकी समोर दिसली तर फोनवरचे निम्मे वाद उरत नाहीत.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. मर्यादा ओलांडली तर मशीनने परस्पर 'नाही' म्हणू नये. ऑर्डर मालकाच्या मंजुरीसाठी थांबावी. वीस वर्षांचं गिऱ्हाईक दोन हजारांसाठी मोबाईलने परत पाठवलं तर ते दुसऱ्याच्या दारात जातं आणि गावात बोलबाला होतो तो वेगळाच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळ्यातल्या गावांत पाणी शिरलं. अशा वेळी तारीख उलटली म्हणून रोज 'पैसे भरा' असा मेसेज पाठवणारी यंत्रणा धंदा बुडवते. सवलत द्यायची की नाही, हे माणसानेच ठरवायचं. पण दिली तर किती आणि कधीपर्यंत, याची नोंद मात्र झाली पाहिजे.

चौथी, माल उतरवताना पोच. किती पेट्या आल्या, किती फुटल्या, मुदत संपलेला किती परत गेला, हे टेम्पो दारात उभा असतानाच मोबाईलवर नोंदवून ओटीपी किंवा सही घ्यायची. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट त्याच आठवड्यात निघाली पाहिजे. ती लटकली की दुकानदार पूर्ण बिलाचे पैसे अडवतो.

पाचवी, यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. पैसे खात्यात दिसल्यावरच बाकी कमी करायची आणि कुठल्या बिलापोटी आले तेही लिहायचं. रोख असेल तर एका दिवसात एकाच माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त घेता येत नाहीत, हेही विसरू नये.

सेल्समनचं काय? त्याला काढून टाकायची घाई नको. ऑर्डर लिहायचा त्याचा वेळ वाचला तर तो वसुली, परतीचा माल आणि नवीन दुकानं यासाठी वापरता येतो. जिथे रेंज नाही किंवा दुकानदाराला मोबाईल जमत नाही, तिथे फोनवरची ऑर्डर दुकानातल्या माणसाने त्याच यंत्रणेत टाकायची. एक वही मोबाईलमध्ये आणि दुसरी गल्ल्यात असं झालं की हिशोब जुळत नाही.

कोर्टात काय टिकतं?

ॲपमध्ये नोंद आहे म्हणजे पैसे वसूल होतील, असं समजणं चुकीचं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नुसत्या खातेवहीच्या नोंदीवरून कुणावर देणं ठरत नाही, मग ती वही इलेक्ट्रॉनिक का असेना. सोबत ऑर्डर, बिल, पोच असा पुरावा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी लेखी सहीनिशी मान्य केली तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून वर्षातून एकदा तरी प्रत्येक खात्याच्या बाकीवर सही घेण्याची जुनी पद्धत सोडू नये.

आणखी एक फरक. सोलापुरात शेंगा चटणी किंवा टॉवेल बनवणाऱ्या सूक्ष्म, लघु उद्योगाने उद्यम नोंदणी केली असेल तर एमएसएमई कायदा २००६ त्याला संरक्षण देतो. करार नसेल तर १५ दिवस, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत खरेदीदाराने पैसे द्यायचे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरती. ४५ दिवसांचा आधार त्याला नाही. त्याला वाचवणार ते त्याचे स्वतःचे नियम.

दुकानदारानेही विचारावं

हा विषय एकट्या ठोकवाल्याचा नाही. दुकानदाराने खातं मोबाईलवर नेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. माझी मर्यादा किती आणि ती कोण वाढवणार? उशीर झाला तर व्याज लागणार का, किती? आणि माझ्या खात्याचा उतारा मला हवा तेव्हा मिळणार का? उत्तरं लेखी मिळाली तर पुढे जावं.

सुरुवात पाच-दहा जुन्या खात्यांपासून करावी, एक हंगाम बघावा आणि मगच बाकीचे जोडावेत. ॲप महिन्याभरात तयार होतं. कुणाला किती आणि कधीपर्यंत उधार द्यायचं, हे ठरवायला मात्र मालकालाच बसावं लागतं.