धुराचे गणित कोणाच्या हाती?

हिवाळ्यात वारा पडलेल्या रात्री कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला धूर वर चढत नाही. जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते, वरची हवा उबदार राहते, आणि धुराड्यांतून निघालेला धूर या अदृश्य झाकणाखाली पसरत जातो. पहाटे अंगणातली काजळी झाडणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावे लागत नाही. पण हा धूर कोणत्या भट्टीचा, त्यातला किती श्वासात गेला, आणि कोणते धुराडे आधी सुधारले तर तो कमी होईल, हे सांगणारे एक शास्त्र आहे. ते शास्त्र तिच्यापाशी नाही, तिच्या नगरसेवकापाशी नाही, आणि भट्टीवर रात्रपाळी करणाऱ्या तिच्या नवऱ्यापाशीही नाही. ते सल्लागारांच्या संगणकात आहे आणि त्या सल्लागारांचे बिल कारखानदार भरतो. कुपवाडच्या हवेचे राजकारण येथून सुरू होते.

सांगलीची हवा राष्ट्रीय मानकापेक्षा वाईट आहे ही गोष्ट आता विरोधकांचा आरोप राहिलेली नाही. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा मानके न पाळणाऱ्या १०२ शहरांच्या यादीत सांगलीचे नाव सरकारनेच घातले. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. तेव्हापासून सांगलीच्या नावावर जमा होणाऱ्या धुळीत कुपवाडच्या भट्ट्यांचा वाटा किती, हा प्रश्न महापालिकेचा अधिकृत प्रश्न आहे. त्याचे उत्तर नागरिकांना तपासता येईल अशा स्वरूपात त्यांच्यासमोर कधी येणार?

हे उत्तर काढण्याची पद्धत जुनी आहे. धुराड्यातून दर सेकंदाला किती ग्रॅम प्रदूषक बाहेर पडते, धुराड्याची उंची व व्यास किती, धूर किती वेगाने आणि किती तापमानाला निघतो, वारा कोणत्या दिशेने किती जोराने वाहतो आणि हवा किती स्थिर आहे, एवढ्या गोष्टी कळल्या की अमुक अंतरावर जमिनीलगत प्रदूषकाचे प्रमाण किती राहील याचा अंदाज गणिताने बांधता येतो. या गणिताचा उगम मात्र लोककल्याणात नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील पोर्टन डाऊन येथील रासायनिक युद्धाच्या संशोधनकेंद्रात विषारी वायू रणांगणावर कसा पसरतो याचा अभ्यास चालला, आणि सटन, पास्क्विल यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या विद्येचा पाया तेथे घातला. पास्क्विल यांनी हवेच्या स्थिरतेचे केलेले वर्गीकरण १९६१ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे जगभरच्या धुराड्यांच्या हिशेबात वापरले गेले.

त्यानंतर २३ वर्षांनी, डिसेंबर १९८४ मध्ये, भोपाळ घडले. त्या रात्रीचा वायू वस्त्यांवर कसा पसरला याचे गणित दिल्लीच्या आयआयटीतील एम. पी. सिंग आणि एस. घोष यांनी मांडले व ते १९८७ साली प्रसिद्ध झाले. शास्त्रज्ञांनी आपले काम केले. पण वायू कोणत्या दिशेला जाईल आणि माणसांनी कोणत्या दिशेला पळावे हे कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांना त्या रात्रीपूर्वी कोणी सांगितले नव्हते. विद्या अस्तित्वात असणे आणि ती जनतेच्या हाती असणे यांतले अंतर किती जीवघेणे असू शकते, याचा एवढा दारुण दाखला दुसरा नाही.

आज परिस्थिती काय आहे? या हिशेबासाठी जगभर वापरले जाणारे ‘एअरमॉड’ हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००५ साली अधिकृत म्हणून स्वीकारले. ते सार्वजनिक पैशातून तयार झाले असल्याने त्याची मूळ आज्ञावलीही कोणालाही फुकट उतरवून घेता येते. मग बाजारात विकले जाते ते काय? या फुकट गणितावर चढवलेले सोयीचे आवरण, म्हणजे नकाशे, रंगीत आलेख आणि आकडे भरण्याच्या चौकटी. त्याच्या जोडीला ते वापरण्याचे सशुल्क प्रशिक्षण, मोठ्या शहरात, इंग्रजीत, दोनतीन दिवसांचे. सार्वजनिक विहिरीभोवती कुंपण घालून पाणी विकण्याचा हा प्रकार आहे. जो शुल्क भरू शकतो तो तज्ज्ञ ठरतो, आणि जो धूर गिळतो तो अडाणी ठरतो!

या तज्ज्ञाचा अन्नदाता कोण, हेही पाहिले पाहिजे. पर्यावरण मंजुरीसाठी २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जो आघात अहवाल सादर होतो, तो प्रकल्पाच्या मालकाने नेमलेला आणि मालकाकडून पैसे घेणारा सल्लागार तयार करतो. या गणिताचा एक साधा गुणधर्म प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा. धुळीसारख्या प्रदूषकाच्या बाबतीत उत्सर्जनाचा आकडा निम्मा लिहिला की उत्तरही बरोबर निम्मे येते. संगणक आकडा खरा की खोटा हे विचारत नाही. म्हणजे सारा निकाल आत कोणता आकडा भरला यावर ठरतो, आणि तो आकडा भरणारा हात मालकाच्या पगारावर असतो. जनसुनावणीपूर्वी लोकांना मराठीतून मिळतो तो अहवालाचा सारांश. त्यात निष्कर्ष असतो. आत भरलेल्या प्रत्येक आकड्याचा हिशेब त्यातून तपासता येत नाही.

मोठ्या प्रकल्पांची ही कथा. कुपवाडचे दुखणे याहून वेगळे आहे. येथे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या लहान शेडमधून ओतकाम चालते. वर्षाला ३०,००० टनांहून कमी क्षमतेच्या फाउंड्रीला या अधिसूचनेखाली मंजुरीच लागत नाही. मग आघात अहवाल कुठला आणि प्रसाराचा हिशेब कुठला! क्युपोला भट्टीचे मानक पाहावे. ताशी तीन टन किंवा अधिक धातू वितळवणाऱ्या भट्टीला एका घनमीटर धूरवायूत १५० मिलिग्रॅम धूळ सोडण्याची मुभा आहे. त्याहून लहान भट्टीला ४५० मिलिग्रॅम. लहान कारखानदाराला सवलत हवी हे मान्य करू. पण दहा लहान भट्ट्या एका गल्लीत आल्या की फुप्फुसांना कोणती सवलत मिळते?

धुराड्याच्या उंचीचा सरकारी नियमही असाच एकेकट्याचा विचार करतो. गंधकयुक्त इंधन जाळणाऱ्या बॉयलरसाठी ताशी उत्सर्जित होणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोग्रॅमचा ०.३ घात काढून त्याला १४ ने गुणावे, येईल तेवढे मीटर उंच धुराडे बांधावे, असे सूत्र आहे. समजा एका बॉयलरमधून ताशी २० किलो वायू निघतो. सूत्राप्रमाणे धुराडे सुमारे ३४ मीटर हवे. असे दहा मालक शेजारी शेजारी असले तर ३४ मीटरची दहा धुराडी उभी राहतात आणि दहाही जण कायदेशीर ठरतात. हाच २०० किलो वायू एका मालकाने सोडला असता, तर त्याला सुमारे ६९ मीटरचे धुराडे बांधावे लागले असते. वायू तोच, वस्ती तीच. सातबारा वेगळे म्हणून नियम अर्ध्या उंचीवर समाधान मानतो. कायद्याला मालक वेगळे दिसतात, हवा मात्र सगळ्यांची बेरीज करते. ही बेरीज कागदावर मांडण्याचे साधन म्हणजेच प्रसाराचे गणित. ठेंगणे धुराडे शेजारच्या उंच शेडच्या आडोशाला असेल तर वाऱ्याचा भोवरा धूर खाली ओढतो, हेही या गणितात मांडता येते, पण शेडची मापे कोणी भरली तरच.

स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या पैशाचे काय झाले? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने जुलै २०२४ मध्ये केलेल्या पाहणीनुसार देशभर या निधीपैकी ६४ टक्के रक्कम रस्त्यांवरील धूळ आवरण्यावर खर्च झाली, आणि उद्योगांच्या प्रदूषणावर ०.६१ टक्का. रस्त्यावर पाणी शिंपडणाऱ्या टँकरचे छायाचित्र निघते आणि त्याने कोणा मालकाचा रोष ओढवत नाही. धूर कोठून येतो हे ठाऊक नसल्याचे सोंग घेणे ज्यांच्या हिताचे आहे, त्यांना ही व्यवस्था सोयीची आहे.

या मागणीवर तीन दिशांनी आक्षेप येतात. नोकरशहा म्हणतो, हा विषय तांत्रिक आहे, सामान्यांना झेपणार नाही. भट्टीच्या तोंडाशी उभा राहून धातूच्या रंगावरून उष्णता ओळखणाऱ्या कामगाराला तंत्र झेपत नाही, असे म्हणण्यास मोठा निर्लज्जपणा लागतो. एका पाळीत किती चार्ज पडले, कोक किती गेला, धूळ पकडणारी यंत्रणा रात्री चालू होती की बंद, हे त्याला माहीत असते. संगणकाला नेमके हेच हवे असते. सल्लागार जो आकडा अंदाजाने भरतो, तो खरा आकडा कामगाराच्या डोक्यात आहे. त्याला प्रशिक्षणापासून दूर ठेवल्याने शास्त्राचे पावित्र्य राखले जात नाही. आकडा तेवढा असत्य राहतो.

कारखानदार म्हणतो, हिशेब मागाल तर भट्ट्या बंद पडतील आणि कामगार रस्त्यावर येतील. ही धमकी जुनी आहे, पण तिच्यामागची कामगाराची भीती खरी आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. हिशेब नसतो तेव्हाच सरसकट बंदीची तलवार सर्वांवर फिरते. हिशेब असला तर कोणती तीन धुराडी वस्तीवरचा बहुतेक भार टाकतात ते दिसते, आणि दुरुस्ती तेथे करता येते. १९९० च्या दशकात टेरी या संस्थेने हावड्यात दुहेरी झोताची क्युपोला आणि धूर धुणारी यंत्रणा उभारून दाखवली. अशा भट्टीत कोकही कमी लागतो. स्वच्छ भट्टी आणि चालू भट्टी यांत वैर नाही. वैर आहे ते दुरुस्तीचा खर्च टाळून उरलेल्या नफ्याशी.

तिसरा आक्षेप चळवळीच्या आतून येतो. संगणकाचे आकडे मालकांची हत्यारे आहेत, मोर्चा हेच आपले उत्तर, असे काही कार्यकर्ते मानतात. मोर्चाशिवाय काहीच हलणार नाही हे खरे. पण मोर्चा निवेदन घेऊन आत जातो तेव्हा टेबलावर समोरून अहवाल सरकवला जातो, आणि तो वाचता न आल्याने शिष्टमंडळ आश्वासन घेऊन परतते. याच जिल्ह्याने याहून वेगळी परंपरा पाहिली आहे. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने पाण्याचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार आणि दुष्काळी शेतकरी येरळेच्या वाळूचा आणि पाण्याचा हिशेब स्वतः मांडू लागले. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते त्यांच्या बाजूला बसले, आणि त्यातून बळीराजा धरण उभे राहिले. ज्या मातीत पाण्याचे गणित लोकांनी आत्मसात केले, तेथे हवेचे गणित परके का राहावे?

शिवाय ही मागणी दयेची याचना नाही. ती कायद्यात लिहिलेली आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याचे १७ वे कलम राज्य मंडळाची कर्तव्ये सांगते. हवेच्या प्रदूषणाविषयी माहिती गोळा करून ती प्रसृत करणे, प्रदूषण नियंत्रणाच्या कामातील लोकांच्या प्रशिक्षणात केंद्रीय मंडळाशी सहकार्य करणे, आणि या विषयाचे लोकशिक्षण संघटित करणे, ही तीनही त्यात आहेत. मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय सांगलीत आहे. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून सांगलीत आहे. सॉफ्टवेअर फुकट आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१३ मध्ये पुण्यासाठी आणि २०१५ मध्ये मुंबईसाठी हवेच्या गुणवत्तेचे पूर्वानुमान सुरू केले, म्हणजे सार्वजनिक संस्थांना ही विद्या येते. उणीव आहे ती इच्छेची, आणि इच्छा नसणाऱ्यांवर दबाव आणणे हे संघटनेचे काम आहे.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. कुपवाडच्या प्रत्येक धुराड्याची उंची, व्यास, इंधन आणि उत्सर्जन यांची नोंद मराठीत प्रभाग कार्यालयात लावली जावी. शहरासाठी सार्वजनिक पैशातून जो कोणता हिशेब होईल, त्याचा निष्कर्ष आणि आत भरलेले सर्व आकडे दोन्ही खुले असावेत. वसाहतीत वाऱ्याची दिशा व वेग मोजणारे सार्वजनिक केंद्र असावे. महापालिका, मंडळ आणि महाविद्यालय यांनी मिळून मराठीतून विनाशुल्क प्रशिक्षणवर्ग चालवावा, आणि त्यात कामगार संघटनांच्या प्रतिनिधींना व वस्तीतल्या तरुण-तरुणींना राखीव जागा असाव्यात.

या गणिताच्या मर्यादाही विसरता कामा नयेत. ते कुंपणाबाहेरच्या हवेचा हिशेब करते. शेडच्या आत साचा फोडताना आणि ओतीव माल घासताना उडणारी वाळूची धूळ त्यात सहसा दिसत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसची नोंद सक्तीची केली होती. त्या रोगाविरुद्धचा लढा शेडच्या आतच लढावा लागेल. पण आतली धूळ कामगाराच्या छातीत आणि बाहेरचा धूर त्याच्या मुलांच्या छातीत जातो. दोन्हींचा मालक एक आहे, म्हणून दोन्ही लढे एकाच संघटनेने लढले पाहिजेत.

धुराड्यावर मालकाचे नाव असते, धुरावर नसते. ते नाव धुरावर लिहिण्याची विद्या श्रमिकांनी शिकून घ्यावी. कुपवाडच्या कार्यकर्त्यांनी येत्या हिवाळ्यापूर्वी पहिली वही घालावी आणि आपापल्या गल्लीतली धुराडी मोजण्यापासून सुरुवात करावी.