मगरी हलवून माणसांचे जीव वाचणार नाहीत

कराडच्या प्रीतिसंगमापासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णाकाठच्या गावांत उन्हाळा आला की एकच मागणी जोर धरते : नदीतल्या मगरी पकडा आणि दुसरीकडे नेऊन सोडा. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात मगरीने माणसं ओढून नेली आहेत. त्यांत पोहायला उतरलेली शाळकरी मुलंही होती. ज्या घरातलं मूल असं गेलं, त्या घरासमोर उभं राहून कोणी पर्यावरणाचे धडे देऊ नयेत. या मागणीमागचा राग खरा आहे. तरीही हे पत्रक त्या मागणीच्या विरोधात काढलं आहे, कारण मगर हलवल्याने पुढचा बळी टळत नाही. उलट, पिंजरा आला, मगर पकडली, फोटो निघाले की गाव निर्धास्त होतं आणि जीव वाचवणारं काम तसंच राहून जातं.

मगर जागा धरून राहणारा प्राणी आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी खाऱ्या पाण्यातल्या तीन मोठ्या मगरी पकडून, अंगावर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवून, हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडल्या होत्या. 2007 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तिन्ही मगरी मूळ जागी परतल्या, आणि त्यांतल्या एकीने किनाऱ्याला वळसा घालत 400 किलोमीटरहून जास्त अंतर 20 दिवसांत कापलं. आपली मगर गोड्या पाण्यातली, वेगळ्या जातीची आहे हे मान्य. पण तीही जमिनीवरून लांबवर चालते, ओढ्यातून ओढ्यात जाते. शिवाय तिला सोडायचं कुठे? चांदोलीत, कोयनेत, असं सांगितलं जातं. चांदोलीचं पाणी वारणेतून हरिपूरला कृष्णेत येतं, कोयनेचं कराडला. म्हणजे ज्या पाण्यात मगर सोडायची, ते वाहत पुन्हा आपल्याच घाटावर येणार. आणि समजा, ती परतलीच नाही. मोठा नर आपल्या डोहात दुसऱ्या मोठ्या नराला टिकू देत नाही. तो उचलला की मोकळ्या डोहात दुसरा शिरतो. हा नवा नर कुठे ऊन खात पडतो, कोणत्या काठाला येतो, याची गावाला काहीच कल्पना नसते. जुन्याची निदान सगळ्यांना माहिती होती.

हा प्रयोग आपल्याच राज्यात एकदा होऊन गेला आहे. जुन्नर भागात 2001 ते 2003 या काळात बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हल्ल्यांचा हिशेब मांडला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेल्याचं दिसलं. पकडून सोडल्याने त्रास कमी झाला नाही, वाढला. हलवण्याऐवजी मारून टाकण्याचा मार्गही जगाने करून पाहिला आहे. हवाई बेटांवर 1959 ते 1976 या काळात हल्ले थांबावेत म्हणून साडेचार हजारांवर शार्क मासे मारण्यात आले. हल्ल्यांत मोजता येईल अशी घट झाली नाही. बिबट्या, शार्क आणि मगर हे वेगळे प्राणी आहेत, पण तिन्ही ठिकाणी चूक एकच होते : प्राण्यांची संख्या कमी केली की धोका त्याच प्रमाणात कमी होईल, असं आपण धरून चालतो. माणूस आणि तो प्राणी नेमके कुठे आणि कोणत्या वेळी समोरासमोर येतात, यावर धोका ठरतो.

म्हणून मगरीचं वर्ष समजून घ्यायला हवं. थंडीत ती काठावर ऊन खात पडते, कारण तिच्या अंगात स्वतःची ऊब नसते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी उंच दरडीत किंवा मळीच्या रानात खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. साधारण दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं आतून ओरडू लागतात. मग ती माती उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून अलगद पाण्यात नेते. हे सगळे महिने ती घरट्याजवळ राखण करत असते, कोणी जवळ आलं की अंगावर धावते. याच महिन्यांत नदी आटते. पाणी उरतं ते डोहांत आणि बंधाऱ्यांच्या पाठीमागे. शाळांना सुट्टी लागते, आणि मुलं त्याच पाण्यात उड्या मारतात. पावसाळ्यात उलटं होतं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तसा पूर आला की मगरी पाण्याबरोबर ओढ्यांत, विहिरींत, उसाच्या फडात पसरतात. तिथे दिसलेल्या मगरीला “संख्या वाढली” याचा पुरावा मानलं जातं. प्रत्यक्षात ती पुराने आणलेली असते. खरी मोजणी करायची तर उन्हाळ्यात रात्री बॅटरीच्या झोतात चमकणारे डोळे मोजत नदी पिंजून काढावी लागते, आणि ती वनखात्याने दरवर्षी करून गावोगाव जाहीर करावी.

खाण्याचंही तसंच. लहान मगर किडे, बेडूक, खेकडे खाते. मोठी प्रामुख्याने मासे, शिवाय कासवं, पाणपक्षी, कुत्री, वासरं आणि मेलेलं जनावर. एका मोठ्या खाण्यावर ती कित्येक दिवस काढू शकते. माणूस हे तिचं नेहमीचं खाद्य नाही. पण पाण्याच्या कडेला ओणवलेली बाई आणि पाणी प्यायला आलेलं वासरू यांतला फरक गढूळ पाण्यातून तिला कळावा, ही अपेक्षा चुकीची आहे. त्यात आपण मेलेली जनावरं आणि पोल्ट्रीची घाण घाटाजवळच टाकतो, म्हणजे तिला तिथे यायची सवय आपणच लावतो. मासे तर आपण संपवत आणले आहेत. सांगलीत शेरीनाल्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं नदीत येतं आहे, आणि मार्च 2023 मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. मळीची माती वीटभट्ट्यांना आणि नदीतली वाळू डंपरने गेली, त्याबरोबर घरट्यांच्या दरडीही गेल्या.

आता पाण्यात कोण उतरतं ते पाहू. रात्रपाळीची वीज आलेली असते आणि मोटार पाणी उचलत नाही. फुटव्हॉल्व्हच्या जाळीत जलपर्णी अडकलेली असते. शेतकरी एका हातात बॅटरी घेऊन कंबरभर पाण्यात शिरतो आणि दुसऱ्या हाताने, खाली वाकून, चिवट मुळं ओढून काढतो. मगर रात्रीच जास्त हिंडते, आणि नेमकं तेव्हाच त्याला तिथे उभं राहायला आपल्या विजेच्या वेळापत्रकाने भाग पाडलेलं असतं. भट्टीवरच्या मजुरांच्या खोपटांना नळ नसतो, म्हणून त्यांची पोरं आंघोळीला नदीवर जातात. धुणं धुणाऱ्या बायकांना घाटावर सुरक्षित जागा नसते. हे तीन प्रश्न सुटण्यासाठी एकही मगर हलवावी लागत नाही.

उपाय नवे नाहीत. श्रीलंकेत नदीकाठच्या लोकांनी आंघोळीच्या जागेभोवती पाण्यातच खांब रोवून कुंपणं घातली, ओडिशात भितरकनिकाच्या गावांतही घाटांना असे अडसर केले आहेत. कृष्णेच्या पुरात जाळी टिकणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण ती बारमाही ठेवायची कुठे गरज आहे? कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी काढतात आणि पाऊस ओसरला की पुन्हा घालतात, तशीच ही जाळीही काढता-घालता येईल.

“मग मगर मोठी की आमचं लेकरू?” असं विचारलं जाईल. लेकरू मोठं, यात वाद नाही. कायदाही तेच म्हणतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, पण एखादा प्राणी माणसाच्या जिवाला धोका ठरला, तर कलम 11 नुसार मुख्य वन्यजीव रक्षक त्याला पकडण्याचा आदेश देऊ शकतात. वारंवार हल्ला करणाऱ्या एखाद्या मगरीबाबत तो जरूर वापरावा. विरोध आहे तो सरसकट उचलबांगडीला. मगरींचं उद्यान करा, हीसुद्धा सूचना होते. पण उद्यानात भरलेल्या मगरींची जागा नदीतल्या दुसऱ्या मगरी घेतील आणि घाट उघडाच राहील. मगरीच्या हल्ल्यात माणूस दगावला तर सरकार वारसांना लाखोंची भरपाई देतं, आणि ती मिळालीच पाहिजे. पण जो पैसा माणूस गेल्यावर निघतो, तो घाटासाठी आधी का निघू नये?

26 जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक नदीकाठच्या गावाने ठराव मांडावा. नदीवरच्या कृषिपंपांना दिवसा वीज. वापरातल्या निदान एका घाटाला फेब्रुवारीअखेर जाळी. भट्टीचा परवाना देताना मजुरांसाठी नळाची अट. मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण नदीत टाकणाऱ्याला दंड. घरटी असलेल्या दरडींवर खुणेचे फलक, आणि तिथली माती उचलायला बंदी. ठरावाची एक प्रत उपवनसंरक्षक कार्यालयात, एक महावितरणला आणि एक तहसीलदारांकडे द्यावी, आणि तिन्ही ठिकाणची पोच ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.