गाठ लागली, पुढे काय?

स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. धोका नेमका तिथेच आहे. शिरूर अनंतपाळ तालुक्यात सोयाबीनच्या काढणीला, तुरीच्या राशीला रोजाने जाणारी बाई न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दिवसाचा रोज बुडवत नाही, अंगावर काढते. घरात सांगायची लाज वाटते. दवाखान्यात पुरुष डॉक्टर असेल म्हणून संकोच असतो. लातूरला जायचे तर सोबत कोण येणार आणि पैसे कोण देणार, हा प्रश्न उरतोच. मग कातडी ओढली जाते, काखेत गाठी येतात, आणि तेव्हा कुठे ती लातूर-बार्शीची वाट धरते.

२०२२ मध्ये भारतात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या, असा जागतिक पातळीवरचा अंदाज आहे. अमेरिकेत निदानानंतर पाच वर्षांनी दहापैकी नऊ रुग्ण जिवंत असतात. पण त्या श्रीमंत देशातही कृष्णवर्णीय स्त्रियांना हा रोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो आणि त्याने होणारे मृत्यू मात्र सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहेत. काही अंशी त्यांच्यात रोगाचा आक्रमक प्रकार अधिक आढळतो, हे खरे. उरलेले कारण गरिबी, विम्याचा अभाव आणि उशीर हे आहे, आणि ते आपल्याला नवे नाही.

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील सरकारी रुग्णालयाचे शल्यचिकित्सक डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी हे कारण हाताळून दाखवले. १९८६ पर्यंतच्या दोन दशकांत तिथे उपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षे जगणाऱ्या होत्या जेमतेम ३९ टक्के. जवळपास निम्म्या जणी रोग फार पुढे गेल्यावरच यायच्या. फ्रीमन यांनी दोन गोष्टी केल्या. तपासणी मोफत किंवा अगदी स्वस्तात ठेवली. आणि १९९० पासून, जिच्या तपासणीत शंका आली तिच्यासोबत एक माणूस दिला. तिची कागदपत्रे, पैसे, तारखा, भीती हे सगळे त्या माणसाने सांभाळायचे. १९९५ ते २००० या काळातल्या रुग्णांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले.

आपल्याकडेही आधार आहे, तोही महाराष्ट्रातला. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनांची तपासणी केली. ना मॅमोग्राफी, ना महागडे यंत्र. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला. सर्व वयोगट मिळून मृत्यूंतली घट १५ टक्के होती आणि ती ठामपणे सिद्ध झाली नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. तरुण वयोगटात असा लाभ दिसला नाही. म्हणून सुरुवात पन्नाशीपुढच्या स्त्रियांपासून व्हावी, आणि त्याहून लहान वयाच्या बाईने स्वतःहून गाठ दाखवली तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ हे उत्तर तिला कुणीही देऊ नये.

खेड्यात हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी शेजारी पाहावे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून बोलू लागले आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. पुढे धाराशिव जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात विषाणू शोधणाऱ्या एकाच एचपीव्ही चाचणीने त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तो रोग वेगळा, पण गावे, रस्ते आणि संकोच लातूरसारखेच.

सरकारी कागदावर सगळे आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी करण्याचे धोरण २०१६ पासून आहे. आशाताई घरोघर अर्ज भरून घेतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शंभरात एकीचीही स्तनतपासणी झालेली नव्हती. अर्ज भरला म्हणजे तपासणी झाली, हा हिशेब आरोग्य खात्याने आधी बंद करावा.

आमची मागणी साधी आहे. तालुक्यातील प्रत्येक उपकेंद्रात महिन्यातला एक दिवस ठरवून, पडद्याआड, बाईनेच बाईची तपासणी करावी. त्यासाठी परिचारिकांना लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्यक्ष सराव देऊन शिकवावे. चित्रफीत दाखवून हे येत नाही. गाठ आढळलेल्या प्रत्येक बाईमागे एका आशाताईचे नाव लागावे आणि तिने सुईची तपासणी, शस्त्रक्रिया, औषधांच्या फेऱ्या संपेपर्यंत सोबत राहावे. या कामाचा वेगळा मोबदला आणि गाडीभाडे तिला मिळालेच पाहिजे. आधीच डझनभर कामे अंगावर असलेल्या आशाताईंवर हे फुकट लादले तर योजना पहिल्याच पावसाळ्यात बुडेल.

सुरुवात करायला जागाही आहे. उजेड गावी जानेवारीत महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते, पंचक्रोशीतल्या बायका तिथे येतात. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाचेही तेच दिवस. येत्या यात्रेत तपासणीचा तंबू उभा राहावा आणि त्यानंतर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत तीन आकडे वाचून दाखवावेत: किती जणी तपासल्या, कितींना गाठ निघाली आणि त्यांतल्या कितींचे उपचार सुरू झाले. तिसरा आकडा दुसऱ्याला जुळत नसेल, तर गावाने कारण विचारावे.