नकलांचे दालन

परदेश पाहून आलेल्या माणसाला आमच्या वरुडात पहिला प्रश्न विचारतात तो खर्चाचा आणि दुसरा थंडीचा. माझ्या एका संत्रा-बागाईतदार स्नेह्यांनी मात्र विचारले, "सर, थेट लंडनले जाऊन पाह्यलं काय?" मी म्हटले, "नकला पाहिल्या!" ते मनसोक्त हसले. पण मी खरे तेच सांगितले होते.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात १८७३ सालापासून केवळ नकलांची म्हणून दालने आहेत. आत शिरताच रोमचा ट्रेजनस्तंभ समोर येतो, तो प्लास्टरचा. छपराखाली मावेना म्हणून त्याचे दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभे केले आहेत. पलीकडे मायकेलअँजेलोचा डेव्हिड. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने १८५७ साली राणी व्हिक्टोरियाला तो भेट पाठवला आणि राणीसाहेबांनी तो संग्रहालयाकडे रवाना केला. राजघराण्यातील स्त्रिया पाहावयास यायच्या असल्या, की या पुतळ्याला प्लास्टरचे अंजिराचे पान अडकवीत. ते पान आजही जपून ठेवले आहे. आमच्या सौभाग्यवतींनी ते माझ्याआधी शोधून काढले. यावर अधिक भाष्य करणे संसारी माणसाला परवडणारे नाही.

नकलेला हसणे सोपे आहे. पण रोममधला मूळ स्तंभ गेल्या शतकात उन्हापावसाने आणि शहरी धुराने झिजला. त्यावरची जी बारीक कोरणी पुसट झाली, ती या प्लास्टरमध्ये अधिक स्पष्ट उरली आहे. अस्सल थकले म्हणजे नक्कल साक्षीला उभी राहते, ती अशी. आणि आमच्या शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत जांभेरीवर डोळा बांधून संत्र्याचे कलम करतात, तीही एका चांगल्या झाडाची नक्कलच नव्हे काय? तिला कोणी हसत नाही.

त्या दालनात उभा असताना मला राहून राहून अजिंठा आठवत होता. कारण अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलाही याच संग्रहालयाच्या मालकीच्या आहेत.

त्यांची कहाणी मोठी दुर्दैवी. मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ साली या कामावर नेमला गेला. वर्षानुवर्षे वटवाघळांच्या सोबतीत, अपुऱ्या उजेडात त्याने मोठमोठी तैलचित्रे केली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती मांडली असताना डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. पारोची प्रेमकथा मराठी माणसाला पाठ असते, जळालेल्या चित्रांची कथा फारशी कोणाला ठाऊक नसते.

१८७२ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तेथे गेले. तेरा वर्षे खपून त्यांनी सुमारे तीनशे चित्रे उतरवली. पेस्तनजी बोमनजींसारखा एखादा सोडला, तर त्या विद्यार्थ्यांची नावे आज कोण घेतो? ही चित्रे लंडनला गेली आणि १८८५ साली तिथल्या आगीत त्यांतलीही पुष्कळशी गेली. दोन्ही संच मिळून १६६ उरली.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सुखाची नाही. भिंतीवरची चित्रे नीट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्सच्या मंडळींनी मूळ चित्रांवर वॉर्निश फासले होते. पुढे ते काळवंडले, चित्रांचे पापुद्रे सुटू लागले. निजाम सरकारला १९२० च्या सुमारास चेकोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलवावे लागले. नकलेची किंमत अशी अस्सलाने मोजली आहे. म्हणूनच त्या नकलांवर आपला हक्क थोडा अधिक आहे, असे मला वाटते. भिंतीवरून जे पुढे गळून पडले, त्यातले काही त्या कापडावरच शिल्लक आहे.

पण ट्रेजनला आणि डेव्हिडला दालन आहे, अजिंठ्याच्या नकलांना नाही. १९५५ सालानंतर त्या तिथल्या कायमच्या मांडणीतून गेल्या. जागेची अडचण असेलच. त्यांतली सर्वांत मोठी कापडे सुमारे तीन मीटर बाय सहा मीटरची! आम्हांलाही त्यांतले एकही तिथे दिसले नाही.

याच संग्रहालयातून २०२४ साली वाघनखे साताऱ्याला उसनी आली. ती महाराजांचीच की नाहीत, यावर विद्वान भांडले. लोकांनी तरीही रांगा लावल्या. पुढे नागपूरच्या अजब बंगल्यातही ती आली, तेव्हा आमच्याकडची मुले बसने जाऊन पाहून आली. तसेच एका हिवाळ्यापुरते सतराव्या लेण्यातले एखादे कापड तिकडून आणता येणार नाही काय? उलगडायला भिंत तेवढी लांब हवी.